पार्टीवाले आरपीजी, जुने आणि नवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मिसळीला जमलो की आमच्या गटात दोन वाद ठरलेले. पहिला नाशिकची खरी मिसळ कुठली यावर, तो मिटण्यातला नाही. दुसरा कॉम्प्युटरवरच्या पार्टीवाल्या आरपीजींवर, म्हणजे पात्रांची सोंगं घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेमवर, जुने भारी की नवे यावर. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आला आणि गटात नवी पोरं आली, तेव्हापासून तेच ते प्रश्न मला व्हॉट्सॲपवर येतात. दर वेळी अंगठा दुखेपर्यंत टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत, भांडायला रविवारी या.

पार्टीवाला आरपीजी म्हणजे काय? पार्टीत बसून खेळायचा?

तसाही खेळता येतो, पण इथे पार्टी म्हणजे टोळी. एकट्या हिरोऐवजी चार ते सहा जण तुमच्या हुकमात असतात आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेलं काहीतरी असतं. हरिहरच्या ट्रेकला माणसं कशी गोळा करतो आपण? एकाला त्या उभ्या कातळपायऱ्यांची भीती वाटत नाही, एकाच्या सॅकमध्ये दोर आणि औषधं, एकाला निरगुडपाड्यापासूनची वाट पाठ, आणि एक जण नुसता खायला आलेला. गेममध्ये चिलखतवाला पुढे उभा राहतो, चोर कुलपं आणि सापळे बघतो, पुजारी जखमा भरतो, जादूगार मागून एका मंत्रात सगळा मामला उलटा करतो. खायला आलेला म्हणजे बार्ड, गाणी म्हणणारा भाट.

नियमांचं मूळ बहुतेक वेळा डन्जन्स अँड ड्रॅगन्स या १९७४ सालच्या खेळात सापडतं. तो टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. तिथे एका माणसाकडे एकच पात्र असतं. कॉम्प्युटरसमोर माणूस एकटाच बसणार, म्हणून सगळं टेबल त्याच्याच हाती आलं.

'जुने' कुठे संपतात आणि 'नवे' कुठून सुरू होतात?

नाशिककराला हे सोपं आहे, सिंहस्थाने मोजायचं. २००३ च्या सिंहस्थापर्यंतचे ते जुने, २०१५ च्या सिंहस्थाच्या आसपास आले ते नवे. मधली बारा वर्षं दुष्काळाची.

जुन्यांतही पिढ्या आहेत. १९८१ चा विझर्ड्री हा पणजोबा: अॅपल २ वर, सहा जणांची टोळी, रेघांनी काढलेली भुयारं. १९८८ मध्ये एसएसआय कंपनीचा पूल ऑफ रेडियन्स आला. त्या मालिकेची खोकी सोनेरी असायची, म्हणून तिला गोल्ड बॉक्स म्हणतात. मग डिसेंबर १९९८ मध्ये बायोवेअरचा बाल्डर्स गेट, पाच सीडींचा. त्याच इंजिनावर १९९९ मध्ये प्लेनस्केप: टॉर्मेंट, २००० मध्ये आइसविंड डेल आणि बाल्डर्स गेट २. आपल्याकडे 'जुने' म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ही शेवटची चौकडीच असते.

२००३ मध्ये ट्रॉइकाचा टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल आला आणि नंतर विहीर आटत गेली. पैसा कन्सोलकडे आणि एकट्या हिरोच्या थ्रीडी गेमकडे वळला. २००६ चा नेव्हरविंटर नाइट्स २ आणि २००९ चा ड्रॅगन एज: ओरिजिन्स हे मधले दोन वळीव. पुढे २०१२ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या वेबसाइटवर लोकांनी स्वतःच पैसे काढले. ऑब्सिडियन कंपनीला पिलर्स ऑफ इटर्निटीसाठी जवळजवळ ४० लाख डॉलर मिळाले. वेस्टलँड २ लाही त्याच वर्षी असाच पैसा जमला. २०१४ मध्ये बेल्जियमच्या लारियनचा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन, मार्च २०१५ मध्ये पिलर्स, आणि तिथून पाऊस परत सुरू.

माझा स्वतःचा हिशोबही तसाच जुळतो. २००३ च्या पर्वणीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागलं होतं आणि मी घरात बसून आइसविंड डेल खेळत होतो. २०१५ च्या पर्वणीला बॅरिकेड तिथेच आणि मी पिलर्स खेळत होतो. २०२७ ची तयारी गावात सुरू आहे. माझी नाही अजून.

फरक शेवटी ग्राफिक्सचाच ना?

नाही. बाल्डर्स गेटची हाताने रंगवल्यासारखी पार्श्वभूमी आजही डोळ्यांना खुपत नाही. उलट २००२ ते २००६ मधले थ्रीडी गेम आज जास्त म्हातारे दिसतात.

खरा फरक टोळी कोणाची यात आहे, असं माझं मत. विझर्ड्रीत किंवा आइसविंड डेलमध्ये सहाच्या सहा पात्रं तुम्ही बनवता. नाव, जात, धंदा, चेहरा सगळं तुमचं. बनवल्यावर ती फारसं बोलत नाहीत. मी २००३ मध्ये आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यातली बिऱ्हाडंच टोळीत भरली होती. तात्या पुढे ढाल घेऊन, काकू पुजारीण, वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा जादूगार. गेमने या लोकांना एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतं. तरी तात्या उगाच दार फोडायला गेले की काकू काय म्हणतील, हे मला ऐकू यायचं. सांगाड्यांच्या एका खोलीत काकू पडल्या तेव्हा मी सेव्ह लोड केली नाही, त्यांना उचलून मंदिरापर्यंत नेलं. गेमला याची काही पडलेली नव्हती. गोष्ट मीच लिहीत होतो आणि मीच वाचत होतो.

बाल्डर्स गेट ३ मध्ये उलटं आहे. अ‍ॅस्टेरियन, शॅडोहार्ट, लेझेल, कार्लाक या प्रत्येकाचा भूतकाळ लिहून झालाय, आवाज झालाय, भुवई कधी उडणार तेही ठरलंय. तुम्ही काही चांगलं केलंत की कोणीतरी नाक मुरडतं. रात्री तळावर परतलात की त्यांच्या भानगडी तुमची वाट बघत असतात. जुन्यात मी यजमान होतो, इथे मी पाहुणा आहे. पाहुणचार अप्रतिम आहे, पण घर माझं नाही.

गंमत म्हणजे ही सवय नव्यांनी लावलेली नाही. १९९८ च्या बाल्डर्स गेटमध्ये २५ सोबती होते, प्रत्येकाला मोजकी वाक्यं आणि एखादं काम. मिन्स्कला त्याची डायनाहीर सोडवून हवी असते, उशीर केलात तर चिडतो. एडविनला तीच डायनाहीर मेलेली हवी. दोघांना एका टोळीत ठेवून बघा, आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा बरी वाटेल. बाल्डर्स गेट २ ने सोबती कमी केले आणि त्यांना कथा दिल्या, प्रेमप्रकरणं दिली. आज नव्या गेममध्ये जे आवडतं किंवा खटकतं, त्याचं विरजण २००० सालचं आहे.

थॅको म्हणजे काय? त्याच्यामुळे मी बाल्डर्स गेटचा पहिला भाग दोनदा सोडला.

सोडू नका, हिशोब चौथीचा आहे, फक्त उलटा लिहिलाय. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा, म्हणजे एसी, जितका कमी तितका चांगला. १० म्हणजे उघडाबंब, ० म्हणजे पक्कं लोखंड, त्याखाली उणे. परीक्षेतल्या नंबरासारखं समजा, पहिला नंबर दहाव्यापेक्षा वरचढ. थॅको म्हणजे एसी ० असलेल्याला मारायला वीस बाजूंच्या फाशावर किमान किती पडायला हवेत तो आकडा.

थॅकोतून समोरच्याचा एसी वजा करा. तुमचा थॅको १७ आणि त्याचा एसी ४, तर १३ किंवा वर हवेत. विसांतल्या आठ बाजू, म्हणजे ४० टक्के. त्याचा एसी उणे २ असेल तर १७ वजा उणे २, म्हणजे १९. आता फक्त दोन बाजू, १० टक्के. बस, एवढंच.

२००० साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली आणि गणित सरळ झालं. बाल्डर्स गेट ३ पाचव्या आवृत्तीवर चालतो. तिथे फासा अधिक तुमचा बोनस, बेरीज समोरच्याच्या एसीइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. बोनस ५ आणि एसी १५ असेल तर १० पडले तरी पुरे, म्हणजे ५५ टक्के. ते टक्केसुद्धा गेम स्वतः दाखवतो.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसराच बदल. जुन्यांत फासा पडायचा पण दिसायचा नाही. खाली बारीक अक्षरांत एक ओळ सरकून जायची आणि तुमचा जादूगार आडवा. बाल्डर्स गेट ३ मध्ये संवादातला फासा पडद्याच्या मधोमध गरगरतो आणि १ पडला की तुम्ही खुर्चीत ओरडता. हा बदल मला मनापासून आवडला. गणित तेच, पण आता ते आपल्या हातून झाल्यासारखं वाटतं.

पॉज करत खेळायचं बरं की पाळीपाळीने?

यावर आमच्या गटात दोन तट आहेत आणि मी गेल्या काही वर्षांत पक्ष बदललाय.

विझर्ड्री, गोल्ड बॉक्स हे सगळे पाळीचे होते. बाल्डर्स गेटने घड्याळ चालू ठेवलं: सहा सेकंदांची एक फेरी, सगळे एकाच वेळी हलतात आणि स्पेसबार दाबला की काळ गोठतो. हुकूम द्या, सोडा, परत गोठवा. जमलं की ढोलपथक चालवल्यासारखं वाटतं, सहा जण एका ठोक्यावर. नाही जमलं की सगळा गोंधळ. त्यात रस्ता शोधण्याची त्यांची अक्कल! नॅशकेलच्या खाणीतल्या अरुंद बोळांत सहा जण घालणं म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात सराफ बाजारातून वरात न्यावी तसं. पुढचा थांबतो, मागचा उलट फिरून भलत्याच वाटेने जातो आणि तिथे त्याला नेमके कोबोल्ड भेटतात.

पण या पद्धतीचा मोठा गुण असा की किरकोळ मारामारी अर्ध्या मिनिटात उरकते. पाळीच्या गेममध्ये चार उंदरांशीही रीतसर सभा भरवावी लागते. म्हणून पाळीचा गेम चांगला व्हायचा असेल तर लढाया कमी आणि प्रत्येक वेगळी हवी. लारियनला हे नेमकं कळलं. त्यांच्या गेममध्ये पाण्यात वीज सोडता येते, तेलाला आग लावता येते, उंच कड्यावरून शत्रूला ढकलता येतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये मी एक अख्खी लढाई फक्त ढकलाढकलीवर जिंकली. इथे मी फितूर झालो.

ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी दोन्ही ठेवणारे गेमही आहेत. पिलर्सच्या दुसऱ्या भागाला २०१९ मध्ये पाळीची पद्धत जोडली गेली आणि आउलकॅटच्या पाथफाइंडर: रॅथ ऑफ द रायचस मध्ये एका बटणावर पद्धत बदलते. किरकोळांना पॉज पद्धतीने झोडायचं, मोठ्या लढाईला पाळी. मी तसंच करतो.

जुने गेम खरंच अवघड होते की म्हातारे उगाच मिशीला पीळ देतात?

पीळ आहेच. पण उदाहरणं बघा. विझर्ड्रीत टोळी भुयारात मेली तर प्रेतं तिथेच पडून राहायची. ती आणायला तुम्ही दुसरी टोळी बनवून खाली पाठवायची. जिवंत करण्याचा विधी फसला तर माणसाची राख होई आणि राखेवरचा विधीही फसला तर तो कायमचा गेला. नकाशा गेम देत नसे. वीस बाय वीस चौकटींचे दहा मजले आलेखकागदावर पेन्सिलीने उतरवायचे, आणि वाटेत तुम्हाला नकळत गर्रकन फिरवणाऱ्या चौकटी असायच्या.

बाल्डर्स गेट १ मध्ये पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे एक मंत्र आणि अंगात जेमतेम जीव. घर सोडल्यावर पहिला लांडगासुद्धा त्याला खातो. लांडग्यातून वाचलात तर फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एक मारेकरी उभा असतो. त्या पायऱ्यांवर मी किती वेळा मेलो ते मोजलं नाही, पण दहावीच्या सुट्टीतला एक आख्खा दिवस तिथेच गेला. नव्यात, म्हणजे बाल्डर्स गेट ३ मध्ये, तळावर विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा उभा असतो. २०० सोन्याची नाणी द्या, मेलेला परत. १०० द्या, पात्राचा धंदाच बदलून मिळतो.

तरी सगळेच नवे मऊ नाहीत. २०१८ च्या पाथफाइंडर: किंगमेकरमध्ये सुरुवातीलाच एका गुहेत कोळ्यांचे थवे आहेत. तलवारीचं त्यांना काही वाटत नाही, जळती मशाल किंवा आगीच्या बाटल्या लागतात. गेम हे नीट सांगत नाही आणि नवखा माणूस तिथेच अनइन्स्टॉल करतो. मला तर तिथे जुन्या घरी आल्यासारखं वाटलं.

आलेखकागद, छापील पुस्तिका, चकती हे सगळं काय प्रकरण होतं?

डिस्कवर जागा नव्हती, म्हणून मजकूर कागदावर यायचा. पूल ऑफ रेडियन्स मध्येच तुम्हाला सांगायचा की आता सोबतच्या पुस्तिकेतली अमुक नंबरची नोंद वाचा. चोरून पुढचं वाचणाऱ्यांना चकवायला त्यात काही खोट्या नोंदीही घातल्या होत्या, हे मला फार ग्रेट वाटतं. पुठ्ठ्याची चकती होती ती नकलेला आळा घालायला: ती फिरवून योग्य शब्द दिल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. आता तेच गेम विकत घेतलेत की पुस्तिका पीडीएफमध्ये मिळते. प्रिंट काढून शेजारी ठेवा, खरंच मजा येते.

माझा लॅपटॉप ऑफिसचा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. काय चालेल?

जुने सगळे. बाल्डर्स गेट, आइसविंड डेल आणि प्लेनस्केप यांच्या बीमडॉग कंपनीने सुधारून काढलेल्या आवृत्त्या आहेत, पहिली २०१२ ची. त्या कसल्याही लॅपटॉपवर चालतात. टॅब्लेटवर आणि फोनवरही चालतात, आणि हे रोजच्या अपडाउनवाल्यांनी लक्षात घ्या. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कसारा घाटात रेंज जाते तेव्हा शेजारचे हताश होऊन खिडकीबाहेर बघतात आणि तुम्ही मजेत खाण उतरत असता, कारण याला इंटरनेट लागत नाही. फोनचा पडदा लहान पडतो, टॅब्लेट बरा.

बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते, रॅम किमान ८ जीबी, आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय नाद करू नका. मधला मार्ग हवा तर पिलर्सचा पहिला भाग किंवा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन.

सेव्हबद्दल एक सवय जुन्या माणसाकडून घ्या. भारनियमनाच्या काळात वीज सांगून जायची आणि कधी कधी न सांगताही. यूपीएस नव्हता. दर दार उघडण्याआधी सेव्ह मारायची सवय तेव्हा लागली ती आजही सुटलेली नाही, बोट आपोआप जातं. नवे गेम स्वतः सेव्ह करतात, पण नेमके चुकीच्या ठिकाणी.

पायरेटेड चालतं का? तुम्ही नाही का खेळलात तसे?

खेळलो. कॉलेज रोडजवळच्या एका कॅफेतून कोणीतरी कॉपी केलेल्या पाच सीडी आल्या होत्या आणि तिसरी चरे पडलेली निघाली. टोळी घेऊन त्या भागात गेलं की गेम बंद. चार महिने मी जगाचा तो तुकडा टाळून फिरत होतो. पैसे देणाऱ्याला मालिकेतला शेवटचा अध्याय दिसला, मला नाही.

आता कारणच उरलं नाही. स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांत यातले बहुतेक मिळतात, गोल्ड बॉक्ससुद्धा. सेल लागला की जुन्यांची किंमत दोन मिसळींएवढी होते. जीओजीवरून घेतलेल्याला कुलूप नसतं, इन्स्टॉलर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतो.

इंग्रजी फार जड आहे का? मराठीत आहे का कुठला?

मराठीत नाही. इंग्रजी जड आहे, आणि जुन्यांत जास्त, कारण तिथे आवाज तुरळक आणि वाचन ढीगभर. प्लेनस्केप: टॉर्मेंट म्हणजे जाडजूड कादंबरीच, त्यात तिथल्या गल्लीबोळांची स्वतःची बोली. सुरुवात त्याने करू नका. बाल्डर्स गेट ३ मध्ये समोरच्याचं वाक्य आवाजात ऐकू येतं, खाली अक्षरं येतात आणि चेहऱ्यावरून निम्मं कळतं. माझ्या भाच्याचं इंग्रजी त्यावर सुधारलं असं त्याच्या आईला वाटतं. कुठले शब्द सुधारले ते मी सांगितलेलं नाही.

अरे, त्या भाच्याच्या आईनेच विचारलंय: मुलांना खेळू द्यावा का?

ताई, बाल्डर्स गेट ३ अजिबात नाही. त्याला युरोपात १८ वर्षांवरचं रेटिंग आहे आणि ते उगाच नाही. रक्तही आहे, शय्यागृहही आहे. जुना बाल्डर्स गेट आठवी-नववीच्या मुलाला चालेल. त्याला आधी कंटाळा येईल, तो येऊ दे.

मित्रांसोबत खेळता येतं का?

येतं, आणि पूर्वीही यायचं. १९९८ च्या बाल्डर्स गेटमध्ये सहा जण नेटवर्कवर एकत्र खेळू शकत, प्रत्येकाकडे एक पात्र. आम्ही एकदा दोन कॉम्प्युटर केबलने जोडून बघितलं, रात्रभर केबलशीच खेळलो. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिनच्या पहिल्या भागात दोघे, दुसऱ्यात आणि बाल्डर्स गेट ३ मध्ये चौघे. शेवटच्यात एकाच पडद्यावर दोघांना खेळण्याचीही सोय आहे. नवरा-बायकोने खेळायचा असेल तर पैशाची थैली कोणाकडे ते आधी ठरवा.

वेळ किती लागतो? माझी अंबडला शिफ्ट असते.

बाल्डर्स गेट १ पन्नास-साठ तासांत होतो. तिसरा भाग नीट खेळलात तर शंभराच्या वर जातो आणि शेवटच्या शहरात पोचेपर्यंत माणूस दमलेला असतो. मी तिथे दोनदा थांबलो. पाथफाइंडरवाले त्याहून लांब. शिफ्टवाल्याला माझा सल्ला आइसविंड डेल: एक भुयार, एक रात्र, झोप.

जपानी आरपीजी यात का नाहीत?

कारण त्यांचं झाड वेगळं आहे. तेही विझर्ड्री खाऊनच वाढलंय, पण तो विषय दुसऱ्या रविवारचा.

मग सुरुवात कुठून करू?

पिढ्यांच्या क्रमाने जाऊ नका, थेट विझर्ड्रीत पडलेला माणूस परत येत नाही. आधी बाल्डर्स गेट ३ चा पहिला अंक खेळा. टोळी, फासा, तळ यांची ओळख होते. मग बाल्डर्स गेट २, सोपी पातळी लावून. तो आवडला तर पहिला भाग. नाही आवडला तर सोलास्टा घ्या, २०२१ चा. त्याची कथा यथातथा आणि आवाज त्याहून यथातथा, पण चारही पात्रं तुमची आणि नियम चोख. आइसविंड डेलचा हा नातू कोणी मोजत नाही याचं मला वाईट वाटतं.

ज्यांना लढाईच नको आणि नुसती गोष्ट हवी, त्यांनी प्लेनस्केप. इंग्रजीचा धाक नसेल तर.

तिसरा भाग खेळायला आधीचे दोन खेळायलाच हवेत का?

नाहीत. तिसऱ्याची गोष्ट आधीच्यांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी घडते आणि ती स्वतंत्र आहे. पण त्यातली दोन माणसं जुनी आहेत.

दुसऱ्या अंकात एका सरायीत एक पिकल्या केसांची, तोंडाळ बाई भेटते, जाहीरा. आमच्या गटातल्या एका पोरीने विचारलं, ही आजी एवढी मिजास का करते? तिला कसं सांगायचं? १९९८ मध्ये त्या फ्रेंडली आर्म इनच्या आत, मारेकऱ्याला चुकवून कसाबसा पोचल्यावर, हीच जाहीरा उभी असायची, नवरा खालिदसोबत. टोळीत आली की पहिल्यांदा वाटायचं, आता कदाचित आपण मरणार नाही. तेव्हाही अशीच टोचून बोलायची. ती अर्धी एल्फ, म्हणून शतक ओलांडूनही आहे. खालिदचं काय झालं ते दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच कळतं, मी सांगणार नाही.

म्हणून खेळायलाच हवेत असं नाही, पण एक काम करा: तिला मरू देऊ नका, आणि तिसऱ्या अंकात शहरात मिन्स्कचा माग लागला की त्या वाटेवर तिला सोबत घेऊन जा. तिच्याशिवाय गेलात तर तो टोळीत येत नाही. त्याच्या खांद्यावरचा उंदीर दिसतो तो उंदीर नाही, हॅमस्टर आहे, बू. मिन्स्कसमोर उंदीर म्हणू नका.